मायक्रॉनचा दहा हजारावा भाग

रविवारी सकाळी साडेसातला आकारामने स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या मशीनचं पहिलं नळकांडं पान्याने फिरवून मोकळं केलं, आतली कँडल बाहेर काढली आणि ती हातात धरून तो तसाच उभा राहिला. कँडल म्हणजे पांढरा दोरा घट्ट गुंडाळल्यासारखा दिसणारा वीतभर लांबीचा दांडा. पाण्यातली माती-रेती अडवायची, एवढंच त्याचं काम. महिन्यातून एकदा आकाराम ती काढून धुवायचा, तीन महिन्यांनी बदलायचा, आणि दोन वर्षांत ती कधी वेगळी निघाली नव्हती. कळंब्याच्या बोअरचं पाणी जड. ते कँडलवर राखेसारखी फिकट, खरखरीत भुकटी सोडून जातं. आज तिच्यावर तांबूस काळा, बुळबुळीत थर बसला होता. त्याने तो अंगठ्यात आणि तर्जनीत चोळून पाहिला. तीस वर्षं ही दोन बोटं उद्यमनगरातल्या कारखान्यात इंजिनात बसणाऱ्या लाईनर नावाच्या नळ्यांच्या पोटातून फिरत आली होती. कुठे किती खरवड राहिली आहे ते त्यांना डोळ्यांच्या आधी कळायचं. बोटांनी सांगितलं, ही बोअरची माती नाही. नाकाशी नेल्यावर नाकानेही तेच सांगितलं. हा नदीचा गाळ होता. त्याचं सगळं लहानपण पंचगंगेकाठच्या गावात गेलेलं, पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांना येतो तो वास त्याला चुकणं शक्य नव्हतं. पण बोअर दोनशे फूट खाली आणि नदी घरापासून कितीतरी लांब. ती इथे या नळकांड्यात येऊन बसली कशी, हे त्याला कळेना.

एरवी तो एवढा घाबरला नसता. पण शनिवारी रिपोर्ट आला होता. प्रियदर्शनीला, त्याच्या एकुलत्या एका मुलीला, दोन वर्षांपूर्वी पुण्यात तिच्या आईचं, बनाबाईचं, मूत्रपिंड बसवलं होतं. तेव्हापासून दर महिन्याला तिचं रक्त तपासायचं आणि क्रिएटिनिन नावाचा आकडा बघायचा. हा आकडा वाढला म्हणजे रक्तातली घाण नीट बाहेर पडत नाही, आणि फार वाढला म्हणजे बसवलेलं मूत्रपिंड शरीराने नाकारलं. दोन वर्षं तो एक पॉइंट एकच्या आगेमागे राहिला होता. शनिवारी एक पॉइंट सात आला. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, घाबरू नका, सोमवारी घेऊन या. घाबरू नका असं डॉक्टरांनी म्हटल्यावर न घाबरणारा बाप आकारामने अजून पाहिलेला नव्हता. सकाळी उठल्या उठल्या त्याने पाना हातात घेतला. चूक मशीनची असावी, अशी त्याची मनोमन इच्छा होती. मशीन खोलता येतं, त्याचा बिघडलेला भाग बदलता येतो. आणि आता चूक खरोखरच मशीनमध्ये सापडल्यावर मात्र ती त्याच्याच गळ्यात येत होती, कारण या मशीनची सगळी देखभाल त्याच्या एकट्याच्या हातात होती.

हे मशीन बसवायला राजारामपुरीतल्या दुकानातून पिराजी नावाचा मेकॅनिक आला होता, तो दिवस आकारामला जसाच्या तसा आठवतो. पिराजी भिंतीला भोकं पाडता पाडता तोंडपाठ बोलत होता. ही पहिली कँडल माती अडवणार. हा कोळसा वास आणि औषध अडवणार. हा पंप दाब देणार. आणि हा मेंब्रेन, म्हणजे पडदा, बाकीचं सगळं अडवणार. क्षार, जंतू, विष, सगळं. पलीकडं जाणार ते निव्वळ पाणी. "ह्येची भोकं मायक्रॉनच्या धा हजाराव्या भागाची असत्यात, पावणं," पिराजी म्हणाला. आकाराम हसला. "मायक्रॉन कशाला म्हणत्यात ठावं हाय का तुला?" पिराजी प्रामाणिक माणूस. "न्हाय बा. कंपनीनं सांगितलं, आम्ही सांगतो." आकारामला मात्र ठाऊक होतं. त्याचं पोटच मायक्रॉनवर चाललं होतं. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. लाईनरचं भोक ठरल्यापेक्षा दहा मायक्रॉन जास्त झालं तर ते भंगारात जातं, आणि तीस वर्षांत त्याच्या हातून भंगारात गेलेले लाईनर बोटांवर मोजण्याइतके. कारखान्यात नवीन पोरं त्याला मायक्रॉनमामा म्हणायची आणि तो वरवर रागवायचा. आयुष्यभर त्याने भोकंच पाडली होती. भोक म्हणजे काय आणि ते पाडायला किती अक्कल लागते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. एक मायक्रॉन ही त्याच्या जगाची कड होती. त्याच्या खाली काही नाही, असंच तो धरून चालला होता. आणि हा माणूस ड्रिल मशीन पुसत पुसत सांगत होता, की त्या कडेच्या खाली आणखी दहा हजार पायऱ्या आहेत आणि शेवटच्या पायरीवर कुणीतरी भोकं पाडून ठेवली आहेत.

त्याने पिराजीकडून एक जुना, निकामी मेंब्रेन मागून घेतला आणि हॅक्सॉने उभा चिरला. आतून कागदासारखे पापुद्रे निघाले, एका नळीभोवती गच्च गुंडाळलेले, एका बाजूने गुळगुळीत आणि चमकदार. कारखान्यातल्या भिंगाखाली त्याने तो पापुद्रा धरला. काही दिसलं नाही. उजेडाकडे धरला, उजेड अंधूक झिरपला, पण भोक कुठेच नाही. साहेबांनी विचारलं, काय बघालाय आकाराम? तो म्हणाला, काय न्हाय साहेब, आणि हे उत्तर अगदी खरं होतं. त्याला हसू येत होतं आणि छातीत काहीतरी भरून आलं होतं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने पहिल्यांदा जोतिबाच्या डोंगरावरून खालचा मुलूख पाहिला तेव्हा असंच झालं होतं, त्यानंतर एवढ्या वर्षांत पुन्हा झालं नव्हतं. त्या दिवसापासून तो मशीनची सेवा करू लागला. सेवा हाच शब्द बनाबाई वापरायची, थोडी चेष्टेने. त्याच्याकडे एक वही होती. तिच्यात कँडल कधी बदलली, कोळसा कधी बदलला, पाण्याचा टीडीएस किती आला, म्हणजे पाण्यात विरघळलेलं काय आणि किती ते, हे तो तारीखवार लिहायचा. तो मोजायला पेनासारखं मीटर त्याने घेतलं होतं आणि ते त्याच्या खिशात मायक्रोमीटरच्या शेजारी असायचं. बोअरचं पाणी नऊशेच्या पुढे, मशीनचं चौतीस. हा चौतीस आकडा दिसला की त्याच्या जिवाला बरं वाटायचं.

ऑपरेशनच्या आधी पुण्याच्या सर्जननी त्याला मूत्रपिंडाचं चित्र काढून दाखवलं होतं. ते तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं नाही. भीतीने डोकं बंद होतं. ते शिरलं मशीन आल्यावर. एक मूठभर मांसाचा गोळा, सर्जन म्हणाले होते, दिवसाला शंभर लिटर पाणी रक्तातून गाळून काढतो, तपासतो, आणि त्यातलं दीड-दोन लिटर तेवढं बाहेर सोडून बाकी सगळं परत रक्तात घालतो. आकाराम स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून मशीनच्या दोन नळ्यांकडे बघत राहायचा. एका नळीतून चांगलं पाणी थेंबथेंब यायचं आणि दुसरीतून त्याच्या तिप्पट खारं पाणी बादलीत पडायचं. ते बनाबाई भांड्यांना आणि फरशीला वापरायची. एवढी अक्कल लावून केलेलं मशीन, ते चारातलं तीन टाकून देतं. आणि बनाबाईच्या कुशीतला गोळा शंभरातलं दोन टाकतो. त्याला पंपाचा आवाज नाही, कँडल बदलायची नाही, चाळीस वर्षं तो तिच्या आत चालला, ती शेतात भांगलायला गेली, बाळंत झाली, तापाने फणफणली, तरी चालला, आणि मग एका सकाळी तिथून काढून पोरीच्या पोटात ठेवला तर तिथेही चालू लागला. ज्याने हे केलं त्याच्याकडे कुठलं ड्रिल असेल, याचा विचार करता करता आकारामला आपल्या बायकोकडे बघायचं भय वाटू लागलं होतं. एकवीस वर्षं ही बाई त्याच्या शेजारी भाकऱ्या थापत होती आणि तिच्या आत काय चाललं आहे याची त्याने एकदाही चौकशी केली नव्हती.

"काय झालं पप्पा?" प्रियदर्शनी दारात उभी होती. एकवीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, गोळ्यांनी चेहरा थोडा गोल झालेली. तिने ओट्यावरच्या स्टीलच्या टाकीतून ग्लासभर पाणी घेतलं. त्या टाकीत शनिवारचं गाळलेलं पाणी होतं. आकाराम लगेच उठला. गाळाचा हात पुसला, खिशातलं मीटर काढून तिच्या ग्लासात बुडवलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबला. तीही थांबली. चौतीस. नदीचा गाळ नळकांड्यात आणि पलीकडं चौतीसच. त्याने मान हलवली. तिने दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला. "आता मशीन बंद हाय," तो म्हणाला, "सगळं धुवून काढाय लागतंय. दुपार हुईल. ह्ये टाकीतलं पण सांडतो, मनात किंतू नको. ताजं गाळल्यावरच पी." "चालतंय की," ती म्हणाली, "मला न्हाय लागत तहान एवढी." आणि ती आतल्या खोलीत अभ्यासाला गेली. शहाणी पोर, असं त्याला वाटलं.

मशीनला पाणी द्यायला त्याने गच्चीवर पन्नास लिटरची एक वेगळी टाकी बसवली होती. स्वतः उद्यमनगरातून बनवून आणलेली, घट्ट झाकणाची, बोअरच्या मोठ्या टाकीतून तिच्यात पाणी पडायचं. तो शिडीने वर गेला. श्रावणातलं आभाळ उघडलं होतं आणि लांब कळंब्याचा तलाव काठोकाठ भरलेला दिसत होता. झाकण उघडल्यावर तळाला तोच तांबूस थर, पाण्याच्या हालचालीने हळूच उठणारा. त्यात हात घालून त्याने तळ चाचपला आणि बोटाला काहीतरी लागलं. फुलाची पाकळी होती, झेंडूची, भिजून रंग गेलेली. टाकीच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला, पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन पालथा घालून वाळत ठेवला होता. त्याला आता सगळं दिसत होतं. बनाबाई पौर्णिमेला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीला जायची. सकाळच्या एसटीने जायची, दत्ताचं दर्शन घ्यायची, दुपारी यायची. आषाढात पाणी घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं होतं तरी ती गेली होती. ती काय आणते हे त्याने कधी विचारलं नव्हतं. प्रसाद आणत असेल, असं समजून त्याने तो खाल्लाही होता.

तो खाली आला तेव्हा ती भाकरी थापत होती.

"वरच्या टाकीत वाडीचं पाणी कुणी वतलं?"

तिचा हात थांबला नाही. "मी."

"कधीपास्नं?"

"गेल्या कोजागिरीपास्नं. दर पुनवेला."

"अगं, पोरीला भायेरचं पाणी द्यायचं न्हाय म्हणून डॉक्टरांनी किती येळा सांगितलंय."

"मी कुठं भायेरचं दिलं? मशीनमधनंच दिलं की." तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मग त्याच्याकडे पाहिलं. "ऑपरेशनला आत नेलं तवा बोलले होते दत्ताला. पोरगी उठून बसू दे, तुझं तीर्थ तिच्या तोंडात घालीन, दर पुनवेला घालीन. मग तुमचे डॉक्टर म्हणाले भायेरचं पाणी चालत न्हाय. आता काय करायचं? दोन्ही बी खरं. मग तुम्हीच एकदा म्हणाला, ह्या पडद्यातनं पाण्याबिगार काय पार हुत न्हाय. म्हटलं, मग बरंच झालं की. माती अडंल, किडं अडतील, तीर्थ तेवढं पलीकडं जाईल. हिवाळ्यात पाणी नितळ असायचं, तुमच्या ध्यानात आलं न्हाय. आवंदा पुराचं मिळालं, त्याला मी काय करू?"

हे सगळं ती इतक्या सरळ बोलली, की आकारामला एका क्षणाला वाटलं, यात चूक काय आहे? मग त्याला एक पॉइंट सात आठवलं आणि तो भडकला. आवाज खाली ठेवून, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून दात आवळून तो म्हणाला, "तिचा आकडा वाढलाय. पुराचं पाणी म्हंजे काय असतंय, काय काय वाहून येतंय त्यात, ठावं न्हाय तुला? तुझ्या ह्या तीर्थानं गेलं असलं तिचं मूत्रपिंड, तर?" बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण कुणाला काय बोललो. तव्यावरची भाकरी करपू लागली होती आणि ती उलटायला बनाबाईचा हात पुढे झाला नाही. तिने तो हात डाव्या कुशीवर ठेवला होता, पदराखाली, जिथे टाक्यांचा लांब वण होता. "माझ्यामुळं?" ती म्हणाली. त्याने स्वतःच चिमट्याने भाकरी उलटली. एवढं एकच काम त्याला त्या वेळी सुचलं.

दुपारपर्यंत तो धूत होता. टाकी घासून काढली, ब्लीचिंगच्या पाण्याने भरून तासभर ठेवली, तीनदा रिकामी केली. नवी कँडल बसवली. कोळशाचं नळकांडं मुदत संपायच्या आधीच बदललं. मेंब्रेनला हात लावताना मात्र तो थबकला. वर्षभर ती बाई पलीकडून नदी ओतत होती, अख्खी नदी, फुलं, कुंकू, पुराचा गाळ, वरच्या सगळ्या गावांचं सगळं, आणि अलीकडं त्याच्या वहीत रोज चौतीस, पस्तीस, चौतीस. कागदासारख्या एका पापुद्र्याने हे अडवलं होतं आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. तो मेंब्रेनला काय म्हणणार? त्याने ओल्या फडक्याने त्याचं नळकांडं वरून पुसलं आणि जागेवर बसवलं. पहिलं तासाभराचं पाणी नियमाप्रमाणे सांडून दिलं. बनाबाई दाराशी येऊन बसली होती. तिने विचारलं, "अवो, एक खरं सांगा. रागावू नका. तीर्थ पार हुतं का न्हाय?"

आकारामला पटकन नाही म्हणता आलं असतं. क्षार अडतो, जंतू अडतो, रंग अडतो, वास अडतो, मग तीर्थ कुठून जाणार? पण तो मापाचा माणूस होता आणि न मोजलेल्या गोष्टीवर शिक्का मारायची त्याला सवय नव्हती. तीर्थ म्हणजे त्या पाण्यातलं नेमकं काय? माती असेल तर अडली. आणि पाणीच असेल, नुसतं पाणी, तर मग ते सगळ्यात आधी पलीकडं गेलं. मायक्रॉनच्या खाली दहा हजार पायऱ्या आहेत हे त्याला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं होतं. शेवटच्या पायरीखाली काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"ठावं न्हाय मला," तो म्हणाला. "त्ये मोजायचं माझ्याकडं काय न्हाय."

बनाबाईने मान हलवली. तिला या उत्तराचं समाधान वाटलेलं दिसलं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

सोमवारी तिघंही रिक्षाने राजारामपुरीत गेले. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. आकारामने वही बरोबर घेतली होती. आत गेल्या गेल्या बनाबाईच आधी बोलली. खुर्चीवर न बसता, उभ्याने, कोर्टात सांगावं तसं तिने सांगून टाकलं, की मी पोरीच्या पाण्यात वर्षभर वाडीचं पाणी घातलं, जे काय झालंय ते माझ्यामुळं. डॉक्टरीणबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मशीनमधनं गाळून? त्यांनी विचारलं. गाळून, बनाबाई म्हणाली. बाईंनी प्रियदर्शनीला जीभ बाहेर काढायला लावली. तिचा रक्तदाब घेतला, एकदा झोपवून आणि एकदा उभी करून. तिच्या मनगटामागची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती खाली बसायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मग सहज विचारलं, "दिवसातून पाणी किती पितेस गं?"

"पिते की."

"किती?"

आकाराम पुढे सरसावला. वही उघडली. "मॅडम, टीडीएस चौतीस. रोज बघतो मी, एक दिवस चुकवत न्हाय. कँडल दर तीन म्हैन्याला..."

"आकाराम, पाणी कसं आहे ते नाही मी विचारलं," बाई म्हणाल्या. "किती आहे ते विचारलं."

वहीत ते नव्हतं. दोन वर्षांच्या नोंदी होत्या, तारखा होत्या, चौतीस आणि पस्तीस होते, आणि पोरीने किती पाणी प्यायलं याचा एकही आकडा नव्हता. प्रियदर्शनी खाली मान घालून म्हणाली, "चार ग्लास. कधी तीन."

"एवढ्या औषधांवर? मग दुसरं काय होणार. पोट नाही बिघडलं, ताप नाही, जंतूंचं काही लक्षण नाही. बाई, हे तुमच्या पाण्यानं झालेलं नाही. पुन्हा मात्र असलं काही घालू नका. हिचं मूत्रपिंड तहानलंय. तीन लिटर पाणी रोज पाहिजे. आज रक्त दे, भरपूर पी आणि गुरुवारी परत रक्त देऊन जा. नाही उतरलं तर पुढचं बघू." बनाबाई आता खुर्चीवर बसली. बसता बसता तिला रडू फुटलं आणि ती पदर तोंडाला लावून रडत राहिली. डॉक्टरीणबाईंनी तिला रडू दिलं.

रक्त द्यायला बाहेर बाकावर थांबले असताना आकारामने पोरीला विचारलं. त्याला रागवायचं होतं, पण आवाज तसा निघाला नाही. "का गं प्रियू? घरात एवढं चांगलं पाणी असताना?"

ती रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघू लागली. "तुम्ही वाईट वाटून घेणार असला तर नको."

"सांग."

"डायलिसिस चाललं होतं तवा तुम्ही मला मोजून पाणी द्यायचा, पप्पा. दिवसाला अर्धा लिटर. बाटलीवर रेघा मारलेल्या. त्याच्यावर एक घोट न्हाय. मी रडले तरी द्यायचा न्हाय. तेवढंच बरोबर होतं, मला म्हाईत हाय. पण आता बी मी ग्लास उचलला की तुम्ही उठताय. पेन बुडवताय, आकडा बघताय, मान हलवताय. मग मी प्यायचं. मला वाटतंय अजून बंदीच हाय. तहान लागली तरी कुणाला सांगू ने असं वाटतंय."

त्या बाटलीवरच्या रेघा त्याने व्हर्नियरने मापून मारल्या होत्या. पोरगी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. तिचं शरीर पाणी बाहेर टाकू शकत नव्हतं, म्हणून आत घालायचंही नव्हतं. जास्त झालं तर ते फुप्फुसात साठायचं. उन्हाळ्यात ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून तास काढायची. शेजारी कुणी पाणी प्यायलं तर भिंतीकडे तोंड करायची. आणि आकाराम संध्याकाळी बाटली उजेडाला धरून बघायचा, पाणी रेघेशी बरोबर आहे का, आणि असलं की त्याला अभिमान वाटायचा. त्याच्याएवढं काटेकोर कुणी करू शकलं नसतं. ती माया नव्हती असं कोण म्हणेल? माया होतीच. पण बंदी उठल्यावर त्याने मोजणं थांबवलं नव्हतं. एका मापाच्या जागी दुसरं माप आणून ठेवलं होतं आणि पोरीच्या घशाला हा फरक कळला नव्हता. दहा मायक्रॉनची चूक पकडणारा माणूस, त्याला घरातल्या घरात दोन लिटरची चूक दिसली नव्हती. बाकावर बसल्या बसल्या त्याला एकदम मोठी लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी हेही वाटलं, की माणसाच्या आत किती बारीक पडदे असतात आणि त्यातून काय अडतं, काय पार होतं, याचा कुणालाच पत्ता नसतो. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. बनाबाई पलीकडून म्हणाली, "चला, नंबर आला."

गुरुवारी आकडा एक पॉइंट दोनवर आला. पण आकारामला विचाराल तर त्याला तो सोमवारी दुपारीच कळला होता. दवाखान्यातून येऊन तिघं जेवायला बसले होते. प्रियदर्शनीने ग्लास भरला. आकारामचे पाय सवयीने उठायला निघाले आणि त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्वतःला पाटावर बसवून ठेवलं. ती त्याच्याकडे बघत प्यायली. एक ग्लास संपला. तिने दुसरा भरला, तो निम्मा प्यायली, श्वास घेतला, उरलेला प्यायली. तिचा घसा वरखाली होताना त्याला दिसत होता. त्या पाण्याने कुठून कुठे जायचं होतं हे त्याला चित्रासारखं माहीत होतं, घशातून पोटात, पोटातून रक्तात, रक्तातून त्या मूठभर गोळ्यात, जो या घरातल्या एका बाईने दुसरीला दिला होता. तिसऱ्या ग्लासाला बनाबाईने स्वतः तांब्या वाकडा केला. जेवण निम्म्यावर आलं, आमटीत भाकरी कुस्करून झाली, आणि मग प्रियदर्शनी ताटावरून मध्येच उठली. "आले," असं पुटपुटत ती मोरीशेजारच्या संडासात गेली आणि तिने कडी लावली.

डायलिसिसच्या दोन वर्षांत तिला लघवीला तिकडे जायची गरजच पडत नसे. तिच्यापुरतं ते दार उगाच होतं. आकारामचा घास तोंडात तसाच राहिला. बनाबाईही चावायची थांबली. बापाने ऐकू नये असलं ते, पण दोघंही मान न हलवता ऐकत राहिले. आधी काहीच नाही. मग फरशीच्या भिंतीमागून तो आवाज आला, बारीक, मग सलग, आणि बराच वेळ थांबेना.

"माझं हाय त्ये," बनाबाई म्हणाली, आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.